वाट कागदावर नव्हती

आमच्या घराला गावात आजही ‘मास्तरांचे बिऱ्हाड’ म्हणतात. माझे वडील १९६३ साली साताऱ्याकडून रत्नागिरी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक म्हणून या गावी आले, सुरुवातीची काही वर्षे देवळामागच्या एका घराच्या पडवीत भाड्याने राहिले, पुढे गावठाणातली एक पडीक जागा घेऊन त्यांनी चिऱ्याचे लहानसे घर बांधले, आणि त्याच घरात माझा जन्म झाला, लग्न झाले, आणि आता माझी धाकटी मुलगी तिथूनच एसटीने दापोलीला कॉलेजात जाते. एवढे सगळे होऊनही ‘बिऱ्हाड’ हा शब्द काही सुटला नाही. त्यात कोणाचा दुष्टावा नाही. वडील गेले तेव्हा सगळ्या वाड्यांतली माणसे खांदा द्यायला आली होती. पण शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी फिरते तेव्हा आमच्याकडे ती सर्वांत शेवटी येते. आई हयात असताना ओटीचे तबक घेऊन रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पायरीवर बसून राहायची आणि ढोल जवळ आला की पदर सावरून उठायची.

आमच्या शेजारचे घर मात्र वर्षातले साडेअकरा महिने बंद असते. त्या कुटुंबाच्या तीन पिढ्या लालबागला गेल्या. गणपतीत आणि शिमग्यात कुलूप उघडते, ओटी सारवली जाते, चार-सहा दिवस चूल पेटते आणि पुन्हा कुलूप. त्यांच्याकडे पालखीचा मान तिसरा आहे. मी बाराही महिने इथे राहून बिऱ्हाडकरू आणि ते पंधरा दिवस राहून घरवाले, या हिशेबाबद्दल मला लहानपणी राग यायचा. आता येत नाही, कारण या हिशेबाला त्याचे म्हणून एक तर्कशास्त्र आहे हे मला उमगले आहे, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या गावात जो तंटा चालला आहे त्याच्याशी त्या तर्कशास्त्राचा जवळचा संबंध आहे. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. दापोली तालुक्यातले, समुद्रालगतचे, एक बाजारपेठ, एक बँक आणि एसटीचा शेवटचा थांबा असलेले गाव, एवढे पुरे. ज्यांना ओळखायचे आहे ते ओळखतील आणि मला फोन करतील.

बाजारात चहाच्या दुकानावर ‘बाहेरच्यांनी गाव खाल्ले’ हे वाक्य दिवसातून एकदा तरी ऐकू येते. हे बाहेरचे म्हणजे नेमके कोण, याची मी एकदा मनाशी मोजदाद करू लागलो. आंब्याच्या बागा राखायला नेपाळी कुटुंबे आहेत, हर्णैच्या होड्यांवर खलाशी म्हणून नेपाळी मुले आहेत, चिरेखाणीवर आणि रस्त्याच्या कामावर विजापूरकडची माणसे आहेत. आमच्या इथल्या शाळेचा पट या वर्षी अकरा आहे आणि त्यातली चार मुले राखणदारांची आहेत. ती चार नसती तर शाळा टिकली असती की नाही याची गुरुजींनाच शंका वाटते. ही मुले आपसांत भांडतात तीसुद्धा आमच्या बोलीत. यांच्यापैकी कोणालाही चहाच्या दुकानावर कोणी ‘बाहेरचे’ म्हणून नावे ठेवत नाही, कारण ते जमीन घेत नाहीत. अर्थात पालखी त्यांच्या झोपडीपाशी थांबावी की नाही, हा प्रश्नही कोणाला पडत नाही.

म्हणजे भांडण आहे ते जमीन घेणाऱ्यांशी. आणि जमीन घेणारा आला तर विकणाराही आलाच. त्याच्याविषयी मात्र आमच्याकडे फार हळू आवाजात बोलतात.

या जमिनीची हकीकत थोडी मागून सांगायला हवी. इथली बरीचशी गावे खोतीची होती. कुळाने कसायचे आणि खोताने मक्ता न्यायचा, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, आणि १९४८ च्या कूळ कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ या दिवशी कसणारा तो मालक मानला गेला. त्या दिवसाने आमच्या गावातल्या कित्येक घरांना पहिल्यांदा स्वतःच्या नावाचा सात-बारा दिला. पण त्या सात-बाऱ्यावर जे होते ते म्हणजे खाली चार भातखाचरे आणि वर डोंगरउताराची वरकस जमीन, जिच्यात नाचणी-वरी पेरावी, मग काही वर्षे पड टाकावी आणि गवत कापावे. पोट भरायचे ते मुंबईच्या मनीऑर्डरीवर. १९८२ च्या संपात गिरण्या बंद पडल्या तेव्हा काही जण परत आले, पण त्यांची मुले राहिली नाहीत. ती दिव्याला, नालासोपाऱ्याला, विरारला गेली. तिथे खोली घ्यायची तर पागडी किंवा बँकेचा हप्ता, आणि त्यासाठी विकण्यासारखी एकच गोष्ट, जिचे नाव वरकस. ज्या आजोबांनी कुळाची जमीन मिळाली म्हणून पेढे वाटले, त्यांच्याच नातवाने ती विकली असेल तर त्याला दोष देण्याचा अधिकार निदान मला नाही. माझ्या वडिलांना पगार होता आणि नंतर पेन्शन होती.

ही विक्री करून देणारे दलालही बाहेरून आलेले नाहीत. आमच्याच शाळेत शिकलेली, मोटारसायकलवर फिरणारी, सर्व्हे नंबर तोंडपाठ असलेली मुले आहेत ती. सामाईक सात-बाऱ्यावर सव्वीस नावे असली तरी कोणता वारस कुठल्या उपनगरात राहतो, कोणाला पैशाची नड आहे, कोणाचे कोणाशी बोलणे नाही, हे त्यांना ठाऊक असते. ‘बाहेरच्यांनी गाव खाल्ले’ असे सर्वांत मोठ्याने म्हणणाऱ्या आमच्या एका मित्राच्या मोबाइलमध्ये पुण्याच्या गिऱ्हाइकांचे सर्वांत जास्त नंबर आहेत. मी त्याला हे तोंडावर सांगितले आहे. तो हसला आणि चहाचे पैसे त्याने दिले.

गंमत अशी की शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात सहसा शेतजमीन विकत घेता येत नाही, त्यामुळे बिनशेती प्लॉट घेणारे सोडले तर येणाऱ्या प्रत्येकाच्या फायलीत कुठल्या ना कुठल्या मूळ गावचा सात-बारा असतो. म्हणजे आमच्याकडे येणारा बाहेरचा हा कायद्याच्या दृष्टीने कुठला तरी गावकरीच असतो, आणि बहुधा त्याच्या त्या मूळ गावी तो चाकरमानी म्हणून ओळखला जातो.

असेच एक निवृत्त जोडपे पुण्याहून २०१७ साली आले. गाव त्यांना ‘सर’ आणि ‘मॅडम’ म्हणते. त्यांनी समुद्रालगतचे एक नारळी-पोफळीचे आगर घेतले, जुने घर न पाडता दुरुस्त केले आणि वर्षातले पाच-सहा महिने इथे राहू लागले. माझी आणि त्यांची ओळख लवकर झाली, कारण सरांचे आजोळ साताऱ्याकडचे. त्यांच्या बोलण्यातले काही शब्द ऐकले की मला वडिलांची आठवण येते. दोघेही सुसंस्कृत माणसे आहेत. त्यांच्या तक्रारी होत्या, नाही असे नाही. पहाटेच्या कर्ण्याबद्दल होती, आणि सुकवायला घातलेल्या मासळीच्या वासाबद्दल होती. मॅडमनी एकदा मला अगदी नम्रपणे विचारले की ही मासळी थोडी पलीकडे वाळत घालता येणार नाही का. मी तो निरोप मासळीवाल्या काकींपर्यंत पोहोचवण्याचा गाढवपणा केला. त्या म्हणाल्या, ‘‘समुद्र सरकवा म्हणावं थोडा पलीकडं, मासळी आपसूक सरकेल.’’ हा जबाब मी मॅडमना सांगितला नाही.

मग २०२० साल आले. मार्चच्या सुरुवातीला सर आणि मॅडम इथे होते, टाळेबंदी लागली आणि ते इथेच राहिले. मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी येऊ लागले. गावाच्या वेशीवर बांबू आडवे टाकून बेडे घातले होते आणि येणाऱ्याला थेट घरी न जाता शाळेत चौदा दिवस काढावे लागत. आमचे लालबागचे शेजारी, पालखीचे तिसरे मानकरी, शाळेच्या वर्गात बाकांवर झोपत होते आणि त्यांचे जेवण फाटकाबाहेर ठेवून माणसे मागे सरत होती. साथीचे दिवस होते, भीती खरी होती, मीही त्या निर्णयाच्या बाजूनेच हात वर केला होता. परंतु त्या चौदा दिवसांत पुण्याचे सर बेड्याच्या आतल्या बाजूला होते आणि सात पिढ्यांचा मानकरी बाहेरच्या बाजूला. हे चित्र गावात फार जणांनी पाहिले, आणि ज्याने ते शाळेच्या खिडकीतून पाहिले तो ते विसरला नाही.

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आदळले. आमच्याकडे दुपारपर्यंत घरांची कौले, शाळेचे पत्रे, विजेचे खांब आणि आगरेच्या आगरे आडवी झाली. शाळेतले विलगीकरण त्या एका दुपारी संपले. पत्रे उडाल्यावर कोण कोणाला वेगळे ठेवणार, आणि कोयता चालवणारे हात तर हवेच होते. लालबागच्या शेजाऱ्यांनी पुढचे आठ दिवस माझ्या घरावर पडलेला माड तोडण्यात आणि गावातल्या वाटा मोकळ्या करण्यात घालवले. आमच्याकडे वीज यायला महिना लागला. सरांकडे जनित्र होते. ते रोज संध्याकाळी तासभर चालू करायचे, आसपासचे सगळे मोबाइल त्यांच्या पडवीत रांगेने चार्जिंगला लागलेले असायचे, आणि त्यांच्या विहिरीवरचा पंप चालवून बायका कळश्या भरून न्यायच्या. डिझेलचे पैसे त्यांनी कोणाकडून घेतले नाहीत. त्या महिन्यात त्यांना कोणी बाहेरचे म्हटल्याचे मी ऐकले नाही.

पण वादळाने एक काम केले, ज्याचा परिणाम पुढे दिसला. पोफळ काय किंवा माड काय, नवीन लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षे तरी जातात. साठी उलटलेल्या माणसाने आडव्या झालेल्या आगरात पुन्हा रोपे लावायची ती कोणासाठी, मुलगा तर नालासोपाऱ्याला. समुद्रकाठच्या दोन आगरांच्या मालकांनी विकायचे ठरवले, आणि त्यातले एक सरांच्या हद्दीला लागून होते. ते सरांनी घेतले. खरेदीखतावर मुंबईच्या वारसांच्या चौदा सह्या झाल्या. या आगरातून आमची वाट जात होती.

ही वाट म्हणजे काय ते सांगतो. देवळाच्या मागून दोन गडग्यांच्या मधून, फार तर दोनशे पावले चालले की माणूस थेट पुळणीवर, म्हणजे समुद्राच्या वाळूवर, उतरतो. मासळीच्या पाट्या घेऊन येणाऱ्या बायका याच वाटेने बाजारात येत, गणपती याच वाटेने विसर्जनाला जात, शिमग्यात पालखी समुद्रस्नानाला याच वाटेने नेत, आणि शाळा सुटल्यावर आम्ही पोरे याच वाटेने धावत सुटायचो. आगराच्या दोन्ही तोंडांना बांबूचे बेडे होते, ते गुरे आत शिरू नयेत म्हणून. माणसाने ते उचलायचे आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा लावायचे. जुन्या मालकांच्या तीन पिढ्यांनी ही वाट कधी अडवली नाही आणि ती आमची आहे असे आम्हीही कधी म्हटले नाही. विक्रीनंतर त्या वारसांपैकी एकाला मी फोन करून विचारले की खरेदीखतात वाटेचा उल्लेख का केला नाहीत. त्याला प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला, ‘‘वाट काय लिहायची असते? ती असतेच.’’

२०२२ साली सरांनी दोन्ही आगरांना मिळून चिऱ्याचे कंपाउंड घातले आणि वाटेच्या तोंडाला लोखंडी फाटक बसवले. त्यांची बाजू मी ऐकली आहे आणि ती खोटी नाही. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या टोळ्या त्या वाटेने मोटारसायकली घालत, रात्री पुळणीवर बसून बाटल्या फोडत. अशाच एका काचेने सरांच्या माळ्याचा तळपाय कापला आणि आठ टाके पडले. आता हे पर्यटक उतरतात कुठे? आमच्याच गावकऱ्यांच्या होमस्टेमध्ये. परंतु फाटकाला कुलूप लागले ते पर्यटकांना, मासळीवालीला आणि देवाला एकच. सर इथे असले की दिवसा उघडे, पुण्याला गेले की दिवसरात्र बंद. किल्ली नेपाळी राखणदाराकडे, आणि सगळ्या गावाला ‘नाही’ म्हणायची पाळी त्या बिचाऱ्यावर.

२०२३ च्या शिमग्यात रात्री पालखी त्या फाटकापाशी आली तेव्हा कुलूप होते. सर पुण्यात होते, फोन लागत नव्हता, राखणदार जागेवर नव्हता. ढोल वाजत राहिले, मग थांबले. कोणीतरी पहार आणायला धावले. तेव्हा लालबागचे मानकरी पुढे झाले आणि त्यांनी सांगितले की देवाची पालखी कुलूप तोडून जात नाही. मग खाडीच्या बाजूने दीड किलोमीटरचा वळसा घालून, ओहोटीच्या चिखलातून, पालखी समुद्रावर नेली. गावात आजही ती रात्र ‘त्यांनी मुद्दाम कुलूप घातले’ अशीच सांगितली जाते. राखणदाराच्या बायकोला त्या संध्याकाळी दापोलीच्या रुग्णालयात न्यावे लागले होते आणि पहाटे तिला मुलगी झाली, हे मी चार ठिकाणी सांगून पाहिले. लोकांनी ऐकून घेतले. पण गोष्ट बदलली नाही.

त्यानंतर अर्ज करायचे ठरले, आणि मास्तरांचा मुलगा म्हणून तो लिहायचे काम माझ्याकडे आले. या निमित्ताने मी जे शिकलो ते आधी शिकलो असतो तर बरे झाले असते. सात-बाऱ्यावर ‘इतर हक्क’ असा एक रकाना असतो, तिथे अशा वाटेची नोंद करता येते. त्या आगराच्या सात-बाऱ्यावर तो रकाना कोरा. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ प्रमाणे अडवलेली वाट तहसीलदार मोकळी करून देऊ शकतात, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत गेले पाहिजे आणि वाट शेताकडे, चराऊ रानाकडे जाणारी हवी. आमची वाट समुद्राकडे जाते आणि आमचे सहा महिने ‘बघू, करू’ म्हणण्यात केव्हाच सरले होते. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याखाली वीस वर्षांची उघड, विनाहरकत वहिवाट सिद्ध करता येते, पण ती दिवाणी न्यायालयात, आणि तिथे जाण्याइतके वय आमच्या साक्षीदारांना उरलेले नाही.

शेवटी गाव नकाशा काढला. नकाशावर पायवाट तुटक रेषेने दाखवलेली असते, आणि आमची वाट खरोखरच त्यावर होती. फक्त ती शेजारच्या सर्व्हे नंबरातून जात होती. केव्हातरी पऱ्याने, म्हणजे ओढ्याने, पात्र बदलले असावे आणि माणसांची पावले चाळीस-पन्नास हात दक्षिणेला सरकली असावीत. कागद जिथे होता तिथेच राहिला. नकाशातल्या त्या तुटक रेषेवर आज आमच्याच एका गावकऱ्याच्या होमस्टेचे स्वयंपाकघर आणि दोन न्हाणीघरे उभी आहेत. हे कळल्यावर अर्जावर सही करायला उत्सुक असलेल्यांपैकी चार-पाच जणांना अचानक दापोलीत कामे निघाली.

तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळले की विकत घेणारा कागदावरचे घेतो आणि गाव जगत आले ते कागदाबाहेरच्या गोष्टींवर. भात कापून झाल्यावर कोणाचीही गुरे कोणाच्याही मळ्यात चरत. आगरात पडलेली सुकी झावळी ज्याने उचलली त्याची. नाचणी वाळवायला कोणाचाही कातळ चाले. आणि वैशाखात कोणत्या घराने कोणाच्या विहिरीवर जायचे हेही ठरलेले असे. आमच्याकडे साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जांभा सच्छिद्र दगड आहे. पाणी मुरते आणि उताराने समुद्राला मिळते, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत वरच्या वाड्यांच्या विहिरी तळ दाखवतात आणि खालच्या आगरातल्या विहिरींना पाणी असते. खालच्या विहिरीवर वरच्या वाडीचा हक्क होता. तो कुठेही लिहिलेला नव्हता. आगर विकले गेले की विहीर त्यात गेली, आणि हक्क कुठे गेला ते कोणालाच सांगता येत नाही. ‘‘तुम्ही आमचे पाणी बंद केले’’ असे गावकरी म्हणतात तेव्हा नव्या मालकाला ते धादांत खोटे वाटते, कारण त्याच्या लेखी ते पाणी त्यांचे कधी नव्हतेच. दोघेही खरे बोलत असतात.

इथवर आलो तेव्हा माझा अर्ज मला फार चांगला वाटत होता. ‘गावाची अनादी काळापासूनची वहिवाट’ असे शब्द मी त्यात घातले होते. तो मसुदा घेऊन मी सगळ्या वाड्यांत फिरलो आणि बौद्धवाडीतल्या एका आजींच्या ओट्यावर बसून त्यांना वाचून दाखवला. माझ्या वडिलांनी त्यांच्या मुलांना शिकवले आहे, त्यामुळे त्या माझ्याशी मोकळेपणाने बोलतात. ‘अनादी काळापासून’ ऐकल्यावर त्या थांब म्हणाल्या. ‘‘मास्तर, ती वाट आमची कधी व्हती? माझ्या लहानपणी आमच्या माणसांनी त्या वाटेवर पाय ठेवायचा न्हाय. आमी खालनं, खाडीच्या चिखलातनं जायाचो.’’ आणि मग, जराही न चिडता, त्या म्हणाल्या, ‘‘तुमची पालखी त्या रातीला गेली ना, ती आमची वाट.’’

मला काय उत्तर द्यावे ते सुचले नाही. महाड इथून फार लांब नाही. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सदस्य सी. के. बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले, महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी हजारो लोकांसह तिथे जाऊन पाणी पिईपर्यंत तो ठराव कागदावरच होता. त्यानंतरही विरोधकांनी तळ्याचा वाद न्यायालयात नेला आणि हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडले. तिथे कागदाने वाट मोकळी केली होती आणि वहिवाटीने अडवली होती. मी मात्र कागदाविरुद्ध वहिवाटीची महती गात गावभर हिंडत होतो. घरी येऊन मी ‘अनादी काळापासूनची’ हे शब्द खोडले. पालखी खाडीच्या चिखलातून नेली हा गावाचा केवढा अपमान झाला असे मी इतके दिवस सांगत होतो, तेही त्यानंतर मला सांगता आलेले नाही.

या वर्षी शिमग्याच्या आधी सरांशी बोलणे झाले. मी, लालबागचे शेजारी आणि इतर दोघे त्यांच्या पडवीत बसलो होतो, जिथे वादळानंतर आमचे मोबाइल चार्ज होत असत. सर म्हणाले, ‘‘वाट मी देतो. कुलूप काढून टाकतो, पालखी जाऊ दे, विसर्जन होऊ दे. पण सात-बाऱ्यावर नोंद कशाला? एवढी वर्षे शेजारी राहतो आहोत, गावाचा माझ्या शब्दावर विश्वास नाही का?’’ आमच्यातले एक तात्या ताडकन म्हणाले की शब्द तुमचा आहे, पण उद्या तुम्ही आगर विकलेत तर घेणाऱ्याचा कुठून आणायचा. आम्हाला कागदच हवा. मला मनातून हसू आले. सहा-सात वर्षांत पुण्याचा माणूस गावासारखे बोलायला शिकला होता आणि गाव पुण्याच्या माणसासारखे.

सरांनी मसुदा मागितला आहे. पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर वाटेचा हक्क देणारा दस्त करायचा, दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचा आणि मग तलाठ्याकडे फेरफारासाठी द्यायचा, असे वकिलांनी सांगितले आहे. सर सही करतील असे मला वाटते. मॅडमना अजून मोटारसायकलींची धास्ती आहे, म्हणून ‘फक्त पायी’ हे शब्द घातले आहेत, आणि ते मला पटतात. खरी अडचण दुसऱ्या बाजूला आली. हक्क घेणार कोण? देवळातल्या बैठकीत जुन्या मंडळींनी सांगितले, ‘समस्त गावकरी’ असे लिहा. मी म्हटले, आठही वाड्यांची नावे लिहू या, बौद्धवाडीसकट, एकेक करून. लगेच आक्षेप आला की समस्त म्हटल्यावर सगळे आलेच की त्यात, वाड्या कशाला मोजायच्या. बराच वेळ कोणी बोलेना. मग लालबागचे शेजारी, जे बैठकीत सहसा बोलत नाहीत, म्हणाले, ‘‘मला बेडे घातले होते, तेव्हा मीसुद्धा समस्तातच होतो.’’

वाड्यांची नावे लिहिली. आजींच्या नातवाने स्वतः बसून सर्व्हे नंबर तपासून दिले, आणि नकाशावरची जुनी रेषा व आजची वाट यांतला फरकही दस्तात नमूद करायला लावला, म्हणजे होमस्टेवाल्यांनाही झोप लागेल. आमचे घर कोणत्या वाडीत धरायचे हा प्रश्न निघाला तेव्हा थोडी पंचाईत झाली, कारण गावठाणातले ते एकटे बिऱ्हाड आठांपैकी कुठल्याच वाडीत कधी मोजले गेलेले नाही. ‘‘तुम्ही लिहिणारे,’’ तात्या म्हणाले, ‘‘तुमची सही साक्षीदार म्हणून घेऊ.’’ साक्षीदार दोन लागतात. दुसरा असा हवा की जो बाराही महिने इथे राहतो आणि ज्याने ती वाट रोज पाहिली आहे. सरांच्या राखणदाराला मी विचारले आहे. सही मराठीत करायची की नेपाळीत, एवढेच त्याने विचारले.